कॅमेरा ठेवून ये एकदा

वाचकाचं पत्र:

माझं वय ३३. वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे लहानपणी आम्ही अकरा घरं बदलली. मी सतरा वर्षांची असताना आई-बाबा वेगळे झाले. तेव्हापासून आई एकटी राहते आणि आता सहा महिन्यांत तेही घर सोडून छोट्या जागेत जाणार आहे. नोकरी सांभाळून मी गेलं दीड वर्ष शनिवार-रविवारी तिच्याकडे जाऊन शूटिंग करतेय. घर या विषयावर मला तासाभराची फिल्म करायची आहे. दोन मित्र मदतीला आहेत, एक कॅमेऱ्याला आणि एक साउंडला, दोघंही फुकट. बत्तीस तासांचं फुटेज जमलंय, त्यात मुख्यतः आईच्या मुलाखती. (बाकी इकडचं तिकडचं. सामान बांधायची जुनी खोकीसुद्धा ती टाकून देत नाही, त्यामुळे फ्रेममध्ये सगळीकडे पसाराच दिसतो.) शेवट मी आधीच लिहून ठेवला होता: रिकाम्या घरात आम्ही चौघं एकत्र बसलोय. भावानं साफ नकार दिला, तो बाबांशी बोलतही नाही. त्याच्या जागी नट घ्यावा का, असा विचार चाललाय. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "मला भेटायला येत असशील तर कॅमेरा ठेवून ये एकदा." त्यानंतर मी गेलेच नाही. घर हरवलेल्या, कुटुंब मोडलेल्या माणसांच्या स्वतंत्र फिल्म्स मी वेड्यासारख्या बघते आणि दर वेळी रडते. मी फिल्म करतेय की घर शोधतेय? आणि आई नको म्हणत असेल तर हे सगळं सोडून द्यायचं का?

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी आईच्या वाक्यापाशी अडकले. ती म्हणाली, कॅमेरा ठेवून ये. तुम्ही त्यातलं 'ठेवून' ऐकलंत आणि नकार समजून घरी बसलात. मला त्यातलं 'ये' ऐकू येतंय. बत्तीस तास ती तुमच्यासमोर आणि दोन परक्या मुलांसमोर, माइक लावून घेऊन, स्वतःचं आयुष्य सांगत बसली. आता म्हणतेय, एकदा नुसती ये. म्हणून मुख्य उत्तर आधीच देऊन टाकते: फिल्म सोडू नका. पण पुढचा शॉट घ्यायच्या आधी आईकडे मोकळ्या हातानं जाऊन या. बाकीचं जे लिहितेय ते त्यानंतर उपयोगी पडेल.

मी संकलक आहे, म्हणजे फिल्मचं एडिटिंग करते. दुसऱ्यांच्या घरातलं फुटेज तासन्‌तास बघत बसणं हेच माझं काम, त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. फिल्म करतेय की घर शोधतेय, असं विचारताना तुमचा सूर गुन्हा कबूल केल्यासारखा लागलाय. तसं काही नाही. स्वतंत्र सिनेमात, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशांशिवाय होणाऱ्या सिनेमात, ही दोन्ही कामं पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि त्याचं कारण बरंचसं व्यवहारी आहे. पैसे नसतात तेव्हा फुकट मिळणारी जागा म्हणजे आपलं घर, आणि फुकट मिळणारे नट म्हणजे आपली माणसं. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसनं १९६८ ची 'फेसेस' बरीचशी स्वतःच्या घरात चित्रित केली. १९७४ च्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी त्यानं घर गहाण टाकलं. मुख्य भूमिकेत बायको जेना रोलंड्स, आणि छोट्या भूमिकांमध्ये त्याची आई आणि तिचीही आई. दिग्दर्शक चार्ल्स बर्नेटची 'किलर ऑफ शीप' म्हणजे विद्यापीठातल्या पदवीचं काम. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, तुमच्यासारखंच शनिवार-रविवारी शूटिंग करून, दहा हजार डॉलरच्या आत त्यानं ती केली. अशा रीतीनं कॅमेरा एकदा घरात शिरला की घरच त्याचा विषय होऊन बसतं.

दुसरं कारण शेवटाशी निगडित आहे. ज्याला कुणाला नफ्याची हमी द्यायची नसते, त्याच्यावर शेवटी सगळ्यांना एका खोलीत आणून बसवायची सक्ती नसते. ही सूट तुम्हाला आयती मिळालेली आहे. आणि तरी तुम्ही तोच शेवट लिहून बसलात.

तुम्ही तो का लिहिलात हे मला कळतं. सतरा वर्षांच्या मुलीनं तो लिहिलाय. तिला तो लिहू द्या, वहीत जपून ठेवू द्या. पण तो शूट करू नका. भाऊ येत नाही, हे त्याचं कारण नाही. उद्या तो आला, बाबाही आले, चौघं रिकाम्या घरात बसलात, तरी तुमच्या हातात चार माणसं कॅमेऱ्यासाठी बसल्याचा शॉट येईल, आणि एडिटला बसल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तुम्हालाच ते दिसेल.

तुम्ही बघितलेल्या फिल्म्सपैकी ज्यांनी तुम्हाला रडवलं त्या जरा आठवून बघा. त्यात घर नेमकं कुठल्या क्षणी दिसतं? जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदाची 'शॉपलिफ्टर्स' घ्या, २०१८ मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी. एका छपराखाली राहणारी ही माणसं बहुतेक रक्ताच्या नात्याची नाहीत. नात्यांची नावं त्यांनी आपसांत वाटून घेतली आहेत, इतकंच. मारहाण झालेली एक लहान मुलगी त्यांनी उचलून आणलीय. आंघोळीच्या वेळी तिला त्या घरातल्या बाईच्या हातावर इस्त्रीनं भाजल्याचा व्रण दिसतो. तसाच व्रण तिच्या स्वतःच्या हातावर आहे. ती काही विचारत नाही, बाईच्या व्रणावरून हळूहळू बोट फिरवत राहते. आई कशाला म्हणायचं यावर पुढे चौकशी होते, प्रश्न विचारले जातात. पण माझ्यापुरतं उत्तर त्या बोटानं आधीच देऊन टाकलेलं असतं. शेवटी ते कुटुंब विखुरतं आणि दिग्दर्शक त्यांना परत एकत्र आणत नाही. आणावं असं आपल्याला वाटत राहतं, आणि तसं वाटणं तो आपल्यापाशी ठेवून जातो.

त्याचीच २००४ ची 'नोबडी नोज'. आई सोडून गेल्यावर चार भावंडं एकटीच राहतात. १९८८ मध्ये खरोखर घडलेल्या घटनेवरून ती सुचलेली. शूटिंग साधारण वर्षभर, गोष्टीच्याच क्रमानं चाललं. मुलांना पटकथा दिलेली नव्हती, संवाद त्यांना जागेवर सांगितले जात. त्यामुळे मुलं आपल्या डोळ्यांदेखत खरीच वाढतात, केस वाढतात, कपडे आखूड होतात. मोठं रडणं-भेकणं जवळपास नाही. हात आहेत, पाय आहेत, जमिनीवर सांडलेल्या नेलपॉलिशचा डाग आहे. आई गेली, डाग राहिला.

आता तुमच्या पत्रात कंसात टाकलेल्या वाक्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. खोकी.

अकरा घरं बदललेल्या बाईनं सामानाची खोकी टाकली नाहीत. दीड वर्ष तुम्ही ती फ्रेमबाहेर सरकवत राहिलात. तुमच्या साउंडवाल्या मित्राला अडथळा, कॅमेरावाल्याला पसारा. मला मात्र वाटतं की तुमची फिल्म तिथेच पडलीय, भिंतीला टेकून, घडी घातलेली.

आमच्याकडेही असं एक खोकं होतं. माझेही वडील बदलीच्या नोकरीत होते. त्या खोक्याच्या बाजूला त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'काच – सांभाळून'. पुढच्या बदलीला त्यात पुस्तकं भरली गेली, पण ते शब्द कुणी खोडले नाहीत. त्याच्या पुढच्या वेळी आईनं खाली बारीक अक्षरात 'हिवाळ्याचे कपडे' असं लिहिलं. तरीही 'काच' तशीच राहिली. सामान उचलणारी माणसं लोकरीच्या कपड्यांचं खोकं दोन्ही हातांनी, श्वास रोखून, अलगद टेकवायची आणि आई त्यांना थांबवत नसे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं अक्षर मला अजून डोळ्यासमोर आणता येतं ते त्या खोक्यामुळे. त्यांच्या पत्रांमुळे नाही.

तुमच्या आईच्या खोक्यांवर काय लिहिलंय, कुणाच्या अक्षरात, काय खोडलंय, काय तसंच ठेवलंय, मला माहीत नाही. बहुधा तुम्हालाही नसेल. ती सुतळी कापते की गाठ सोडवून गुंडाळून ठेवते? खोक्याचा तळ दुमडताना कुठली बाजू आधी? अकरा वेळा केलेलं काम आहे, तिच्या हातांना ते पाठ असणार. मुलाखतीत माणूस अनेकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगतो. ती खोटी नसते, पण तिच्या कडा झिजलेल्या असतात. हात कामात असले की माणूस ती गोष्ट विसरतो आणि मधेच काहीतरी वेगळंच बोलून जातो. मुलाखती पुरे झाल्या. परवानगी मिळाली तर आता कॅमेरा खोक्याच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा, फ्रेम लावा आणि तिच्याबरोबर सामान बांधायला बसा. प्रश्न विचारू नका. हातातलं काम पूर्ण होईपर्यंत शॉट चालू द्या. मध्येच तुमची पाठ फ्रेममध्ये आली तर येऊ दे. तुम्हीही त्याच घरातल्या आहात. बत्तीस तासांत तुम्ही स्वतः एकदाही दिसत नसाल, असा माझा अंदाज आहे.

बेल्जियन दिग्दर्शिका शान्ताल आकेरमानची शेवटची फिल्म 'नो होम मूव्ही' (२०१५) अजून बघितली नसेल तर बघा. आई आणि आईचं घर. आई आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. कॅमेरा बराच वेळ दाराच्या चौकटीत नाहीतर टेबलाच्या कडेला नुसता ठेवलेला असतो, आई फ्रेममधून जाते-येते. मुलगी परदेशी असते तेव्हा दोघी कॉम्प्युटरवरून बोलतात आणि पडद्यावर आईचा चेहरा ठिपक्या-ठिपक्यांचा होऊन जातो. पण तुमच्यासाठी तिचीच त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची फिल्म मला जास्त महत्त्वाची वाटते. 'न्यूज फ्रॉम होम'मध्ये आई एकाही फ्रेममध्ये नाही. न्यूयॉर्कचे रस्ते, भुयारी रेल्वे, आणि त्यावर आकेरमान स्वतः आईची पत्रं वाचतेय. मोटारी आणि गाड्यांच्या आवाजात पत्रातले शब्द अर्धेमुर्धे बुडून जातात. आईनं कॅमेऱ्यासमोर यायला अगदी कायमचं नाही म्हटलं, तरी फिल्मचा रस्ता बंद होत नाही हे त्यातून कळेल. मात्र पत्रं, फोनवरचं बोलणं, जुने फोटो यांनाही परवानगी लागतेच. आई दिसत नाही म्हणजे ती त्यात नाही, असं नसतं.

परवानगीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण माझ्याकडून यात एक चूक झालेली आहे. विशीत मी एक वीस मिनिटांची फिल्म केली होती. त्यात माझी मावशी रडते. शूट करताना मी तिला विचारलं होतं, तिनं मान हलवली होती. पण शूट करण्याची परवानगी आणि दाखवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा समजलं नाही. तिनं स्वतःला रडताना पहिल्यांदा बघितलं ते साठ-सत्तर लोकांमध्ये बसून. फिल्म संपल्यावर लोक टाळ्या वाजवत होते आणि ती पर्सची चेन पुन्हा पुन्हा उघडत आणि बंद करत होती. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. शॉट चांगला होता. तो मी नंतर काढून टाकला, फिल्म थोडी लंगडी झाली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

म्हणून तुमच्या आईला पहिला कट, म्हणजे जोडून झालेली पहिली कच्ची फिल्म, तिच्या घरी दाखवा, एकटीला, कुणीही तिसरं नसताना. मध्ये थांबवायचा रिमोट तिच्या हातात द्या. ती म्हणेल ते काढा. तेव्हा हो म्हणालेली पुढच्या कटला नाही म्हणाली, तर तेही ऐका. वितरक आणि वाहिन्या सहीचा कागद मागतात, तो घ्यावाच लागेल. पण सही म्हणजे परवानगी झाली असं धरून चालू नका. फिल्म तासाभराची आहे. आईला त्यानंतरही शेजारीपाजारी आणि नातेवाइकांत राहायचंय.

नकाराबद्दल एक फरक सांगायला हवा, नाहीतर तुम्ही चुकीच्या उदाहरणावर विसंबाल. अमेरिकन दिग्दर्शक अॅलन बर्लिनरची १९९६ ची 'नोबडीज बिझनेस' ही तासाभराची फिल्म त्याच्या वडिलांवर आहे, आणि त्यात वडील सतत कुरकुरतात: माझ्या आयुष्यात बघण्यासारखं काही नाही, कुणाला काय करायचंय. त्या कुरकुरीतूनच फिल्म उभी राहते. पण ते वडील खुर्चीत येऊन बसलेले आहेत, पोराशी तोंडाला तोंड देतायत. तो त्यांचा सहभागच आहे. तुमच्या आईनं कॅमेऱ्यासमोर वाद घातलेला नाही. तिनं कॅमेरा बाजूला ठेवायला सांगितलंय. हे 'नाही' फिल्ममध्ये वापरण्यासाठी नाही, पाळण्यासाठी आहे.

भावाच्या जागी नट घेऊ नका. नट घेणं हे मुळातच खोटं, असं मला म्हणायचं नाही. कॅनडाच्या दिग्दर्शिका सारा पॉलीनं 'स्टोरीज वी टेल' (२०१२) मध्ये स्वतःच्या आईचं आयुष्य आणि आपले जन्मदाते वडील कोण हा शोध मांडताना नट घेतलेच. जुन्या घरगुती चित्रफितींसारखे दिसणारे अनेक तुकडे तिनं नटांना घेऊन सुपर एट या जुन्या घरगुती कॅमेऱ्यांच्या फिल्मवर नव्यानं चित्रित केलेत, आणि ते असं केलंय हे ती फिल्ममध्येच उघड करते. पण तिथे भावंडं आणि वडील समोर बसून आपापली बाजू सांगतात. ज्यांनी तिला वाढवलं ते वडील स्वतः निवेदन वाचतात. म्हणजे नट आले ते माणसांच्या होकारानंतर. तुमचा नट येईल तो भावाच्या नकाराला ओलांडून, आणि जे करायला तुमचा भाऊ तयार नाही तेच त्याच्याकडून पडद्यावर करवून घेईल. कुणी रिकाम्या खुर्चीचा शॉट सुचवेल. तोही नको. त्यात भावाला टोमणा आहे आणि तो त्याला बरोबर लागेल. बत्तीस तासांत भाऊ नाही, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. आईनं त्याचं नाव घेतलं की तिचा आवाज कुठे बदलतो तेवढं ऐका. कट तयार झाल्यावर बाहेर कुणालाही पाठवण्याआधी त्यालाही पाठवा, सोबत एकच ओळ लिहून: यातलं काही नको असेल तर सांग. उत्तर आलं नाही तर मागे लागू नका. मात्र त्याच्याबद्दल आई जे बोललीय ते उत्तर नसताना वापरू नका.

बाबांबद्दल तुम्ही पत्रात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. त्या खोक्यांवर त्यांचं अक्षर असेल तर तो विषय आपल्या पायांनी तुमच्यापर्यंत येईल.

फिल्म्स बघून रडता त्याबद्दल. रडा. पण एक लक्षात घ्या, त्या फिल्म्समधल्या माणसांना घर मिळतं म्हणून तुम्ही रडत नसणार, कारण बहुतेकांना ते मिळतच नाही. दिग्दर्शिका क्लोई झाओच्या 'नोमॅडलँड'मध्ये (२०२०) जिप्समचा कारखाना बंद पडून अख्खं गाव रिकामं होतं. अमेरिकेतल्या एम्पायर नावाच्या गावात २०११ मध्ये खरंच तसं झालं. गाडीत राहणारी फर्न शेवटी एकदा तिथे परत येते, रिकाम्या घरातून चालते आणि मागच्या दारानं उजाड माळावर बाहेर पडते. पुढे गाडी. वाटेत तिला भेटलेली कितीतरी माणसं स्वतःचीच भूमिका करणारी, खरोखर गाडीत राहणारी आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर तो प्रदेश ओळखीचा असल्याचं दिसतं. मला वाटतं, आपण रडतो ते कुणीतरी आपल्यासारखं राहतंय आणि ते कुणीतरी नीट बघितलंय म्हणून. रिकाम्या घराचा शेवट तुम्हालाही हवाय ना? त्यात एकच माणूस चालत गेलं तरी चालतं.

दोन मित्रांविषयीही बोलायला हवं. स्वतंत्र सिनेमात एक वाक्य फार ऐकू येतं, आमचं युनिट म्हणजे कुटुंब आहे. कॅसाव्हेटिससारख्यांकडे ते खरंही होतं. तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर राहिली, 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'मधल्या पीटर फॉकनं तर स्वतःचे पाच लाख डॉलर त्यात घातले. पण मी हे वाक्य बहुतेक वेळा ऐकलंय ते पैसे द्यायचे नसताना. घर शोधणाऱ्या माणसाला युनिटमध्ये घर सापडल्यासारखं वाटतं, आणि मग तो दीड वर्ष लोकांचे शनिवार-रविवार वापरतो. दोघांशी बसून बोला. आत्ता देता येत नसेल तर फिल्मला काही मिळालं तर कुणाचा किती वाटा, श्रेयनामावलीत नाव काय, किती दिवसांचं काम उरलंय, हे एका कागदावर लिहा आणि तिघांनी सह्या करा. त्यानं मैत्री कोरडी होत नाही. माझ्या पाहण्यात न लिहिल्यामुळेच जास्त मैत्र्या मोडल्या.

आणि आईच्या खोलीत रेडिओ किंवा टीव्ही चालू असेल तर आत्ताच सावध व्हा. 'किलर ऑफ शीप'मध्ये नवरा-बायको खिडकीपाशी एका गाण्यावर संथ नाचतात. तो माझ्या मते घराबद्दलचा सिनेमातला एक फार मोठा प्रसंग आहे. ती त्याला बिलगते, तो हळूच हात सोडवून निघून जातो, ती खिडकीला धरून उभी राहते. पण फिल्ममधल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. १९७७ मध्ये पूर्ण झालेली ती फिल्म चित्रपटगृहांत रीतसर लागली २००७ मध्ये, तेही हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजल्यावर. तीस वर्षं! म्हणून आईच्या आवाजामागे गाणं वाजत असेल असे तुकडे आजच वेगळे काढून ठेवा. पुढच्या शूटिंगला महत्त्वाच्या वेळी रेडिओ बंद करायची विनंती करा. दिवसभर बंद ठेवायला सांगू नका, तिच्या सोबतीला तो आहे.

एक काम मात्र घर सुटायच्या आत व्हायला हवं, आणि त्याला आईचा चेहराही लागत नाही. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येकी निदान दोन मिनिटं. खिडकी बंद असताना एकदा, उघडी असताना एकदा. सामान असताना एकदा आणि सामान गेल्यावर पुन्हा. भरलेली खोली आणि रिकामी खोली यांच्या शांततेत केवढा फरक असतो ते तुमच्या साउंडवाल्या मित्राला माहीत असेल. माझ्याकडे एका मैत्रिणीच्या फिल्मचं काम आलं होतं, तिच्या वडिलांवरची. त्यातला सगळ्यात मौल्यवान तुकडा रूम टोनच्या फाइलमध्ये सापडला. दीड मिनिट काहीच नाही, घड्याळ, लांब कुठेतरी पाणी. मग खुर्ची करकरते आणि वडील अगदी हळू आवाजात विचारतात, "झालं का ग?" ती म्हणते, "थोडं थांबा." आणि ते थांबतात. पुढची तीस सेकंदं त्या खोलीत कुणीतरी कुणासाठी गप्प बसलंय, हे ऐकू येतं.

पण हे सगळं नंतर. या शनिवारी कॅमेरा घरी ठेवा, बॅटऱ्याही. फोनवर सुद्धा काही टिपू नका, आईनं काहीही जबरदस्त सांगितलं तरी. ते वाक्य फिल्मला मिळालं नाही तर नाही मिळालं. महिनाभर का आला नाहीत ते तिला सरळ सांगा, मला नकार वाटला म्हणून. मग खोकी बांधायला घेतली असतील तर त्यातलं एक धरून बसा. गाठ ती मारेल.